औषध सायनसपर्यंत पोहोचतं तेव्हा

साधी सर्दी दहा दिवसांच्या आत उतरणीला लागते. दहा दिवस उलटूनही नाक गच्चच आहे, किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटून पुन्हा ताप चढला आणि गालात ठणका सुरू झाला, तर सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये, जिवाणूंनी जागा धरल्याची शंका घ्यावी. हा झाला तात्पुरता सायनस. जुन्या सायनसची मोजणी वेगळी असते. नाक चोंदणं, पुढून किंवा मागे घशात शेंबूड उतरणं, गाल-कपाळावर दाब, वास कमी येणं या चार तक्रारींपैकी निदान दोन सलग बारा आठवडे टिकल्या पाहिजेत आणि त्यांत चोंदणं किंवा वाहणं असलंच पाहिजे. शिवाय नाकात घालून पाहायच्या दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज दिसली पाहिजे. नाक मोकळं आहे, वास नीट येतो, फक्त कपाळ दुखतं आणि उजेड नको वाटतो, अशा माणसाला बऱ्याचदा मायग्रेन असतो. त्याने सायनसच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी गुण येत नाही.

मी इंदूरला राहून या आजाराचे सगळे टप्पे पार केले आहेत: नाक धुणं, फवारा, दुर्बीण, स्कॅन, ऑपरेशन आणि त्यानंतरची देखभाल. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. औषध बरोबर असूनही ते जागेवर पोहोचत नाही, तिथेच बहुतेकांचा उपचार फसतो. म्हणून इथे औषधांच्या नावांपेक्षा ती आत कशी पोहोचवायची यावर जास्त लिहितो आहे.

गालातल्या मॅक्सिलरी सायनसचं तोंड तळाशी नसतं. ते वरच्या अंगाला, डोळ्याच्या खोबणीच्या जरा खाली असतं. टाकीला नळ तळाऐवजी काठाजवळ बसवावा तसं. त्यामुळे उभ्या माणसाचा हा सायनस उताराने रिकामा होत नाही. आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. ते शेंबडाचा पातळ थर सतत ढकलत त्या तोंडापर्यंत वर चढवतात. गालाचा, कपाळाचा आणि दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइडच्या पुढच्या कप्प्यांचा निचरा नाकाच्या बाजूच्या भिंतीतल्या एकाच अरुंद बोळातून होतो. तिथलं अस्तर जरा सुजलं की तिन्ही वाटा अडतात. अडलेला शेंबूड घट्ट होतो, सिलिया मंदावतात, जंतू वाढतात आणि सूज आणखी वाढते. हे चक्र तोडायला दोनच कामं करावी लागतात: साचलेलं धुऊन काढणं आणि अस्तराची सूज उतरवणं.

धुण्यासाठी आधी पाण्याचा विचार करावा लागतो. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरवरून चढवून आणलेलं असतं. बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं, मग हौदात आणि गच्चीवरच्या टाकीत साठून राहतं. काही ठिकाणी बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी असतं. यांतलं कोणतंही पाणी थेट नाकात घालायचं नाही, आरओचंही नाही. आरओच्या नळीत आणि साठवणीच्या भांड्यात जंतू वाढू शकतात, ते निर्जंतुक पाणी नव्हे. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोहोचला तर जीव घेतो. असं फार क्वचित घडतं, पण ते टाळायला एक मिनिटाची उकळी पुरते, मग ती का चुकवावी? पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट गॅस चालू ठेवायचा. इंदूरची उंची साधारण साडेपाचशे मीटर आहे, त्यामुळे एवढं पुरेसं होतं. तीन मिनिटं लागतात ती दोन हजार मीटरच्या वरच्या ठिकाणी. नंतर झाकण ठेवून निववायचं. थंड करण्यासाठी वरून साधं पाणी ओतलं तर सगळी मेहनत वाया जाते. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वापरू नये, ते शरीरासाठी बनवलेलं नसतं. प्रवासात केमिस्टकडची ०.९ टक्क्याची नॉर्मल सलाईनची बाटली सोयीची पडते. फोडल्यावर चोवीस तासांत संपवावी, उरलेली टाकून द्यावी.

मिठाचं प्रमाण रक्ताच्या खारटपणाशी जुळावं लागतं: एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम. २४० मिलिलिटरच्या बाटलीला हे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास येतं. स्वयंपाकघरातला वजनकाटा एक ग्रॅमच्या खालचं नीट दाखवत नाही, म्हणून एका बाटलीपुरतं मीठ मोजण्यापेक्षा लिटरभराचं ९ ग्रॅम एकदम मोजणं बरं. काटा नसेल तर पाच मिलिलिटरच्या मापाच्या चमच्याने सपाट दीड चमचा. घरातले चहाचे चमचे निरनिराळ्या आकाराचे असतात, त्यांच्यावर विसंबू नये. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा मापाचा चमचा वापरावा. लिटरला अर्धा चमचा खायचा सोडा घातला तर चुरचुर कमी होते आणि घट्ट शेंबूड सुटायला मदत होते. सोडा म्हणजे खायचाच सोडा, बेकिंग पावडर किंवा पापडखार चालत नाही. बाजारातल्या आयोडीनयुक्त मिठात गुठळी न होण्यासाठी काही पदार्थ मिसळलेले असतात. काहींच्या नाकाला ते झोंबतात. सैंधव घेतलं तर त्यात माती-खड्याची कसर राहते, मग पाणी गाळावं लागतं. या सगळ्यातून सुटायचं असेल तर मोजून भरलेल्या पुड्या मिळतात. आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात डबा घेतला तर सुट्या पुड्यांपेक्षा स्वस्त पडतो. पुडीवर किती पाण्यासाठी ते वाचून घ्यावं, कारण शंभर मिलिलिटरची आणि २४० मिलिलिटरची पुडी दिसायला सारखीच असते.

मीठ कमी पडलं तर नाकात आग होते आणि अस्तर पाणी शोषून उलट फुगतं. जास्त पडलं तरी झोंबतं, पण सूज थोडी उतरते. म्हणून काही डॉक्टर मुद्दाम दोन टक्क्यांच्या आसपासचं खारट पाणी देतात. ते त्यांनी सांगितलं तरच.

पाणी अंगाच्या उबेइतकं कोमट असावं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून पाहावा, गार किंवा गरम दोन्ही लागू नये. बेसिनवर कमरेतून पुढे वाकायचं. नेतीच्या लोट्याने करत असाल तर डोकं एका कुशीला कलतं ठेवायचं आणि वरच्या नाकपुडीत तोटी लावायची, पाणी स्वतःच्या वजनाने खालच्या नाकपुडीतून बाहेर पडतं. दाबायची बाटली असेल तर डोकं फार कलतं करायची गरज नसते, हनुवटी छातीकडे ठेवून पुढे वाकलं की पुरे. दोन्हींत तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा आणि "कऽकऽक" असा आवाज काढत राहायचा. त्या आवाजाने टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि पाणी घशात उतरत नाही. बाटली हळू, एका लयीत दाबायची. अर्धं पाणी एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. नाकात मारायच्या छोट्या सलाईन स्प्रेने ओलावा मिळतो, पण सायनसच्या तोंडाशी साचलेलं वाहून जायला पाणी भरपूर आणि दाब कमी लागतो. दोन्हींच्या परिणामात मोठा फरक आहे.

कान गच्च झाले तर समजावं की बाटली जोरात दाबली गेली, पाणी चालू असताना गिळलं गेलं, किंवा नंतर एक नाकपुडी दाबून जोराने शिंकरलं गेलं. घसा आणि कान यांना जोडणारी नळी याच भागात उघडते. नाक पूर्ण बंद असेल, एका बाजूने घातलेलं पाणी दुसरीकडून येतच नसेल, तर जोर करून काढायचं नाही, थांबायचं. पाणी संपल्यावर पुढे वाकूनच डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवायचं, मिनिटभर तसंच राहायचं आणि दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलकेच फुंकायचं. एवढं केलं नाही तर तासाभराने देवापुढे वाकताना किंवा चपलेचा पट्टा लावताना नाकातून अचानक पाणी गळतं. ते सायनसमध्ये अडकलेलं धुण्याचंच पाणी असतं, घाबरू नये. झोपायच्या निदान तासभर आधी धुऊन घ्यावं, नाहीतर आडवं झाल्यावर ते घशात उतरून खोकला येतो.

बाटलीकडे दुर्लक्ष झालं तर धुण्यातूनच संसर्ग परत येतो. दर वेळी साबणाच्या पाण्याने धुऊन, शेवटी उकळलेल्या पाण्याने विसळून, उलटी न ठेवता तोंड वर करून उघडी वाळवावी. बाथरूमच्या दमट कोपऱ्यात ती वाळत नाही. तीन महिन्यांनी नवी घ्यावी. तांब्याचा किंवा स्टीलचा लोटा असेल तर तोही रोज घासावा, तोटीच्या आत शेवाळी थर धरतो.

आता सूज उतरवणारा नाकातला फवारा. त्यात मोमेटासोन, फ्लुटिकासोन किंवा बुडेसोनाइड यांपैकी एक स्टेरॉइड असतं. "स्टेरॉइड" ऐकून अनेक घरांत आठवड्याभरात बाटली कपाटात जाते. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनचा नाकातून रक्तात जाणारा भाग एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. गोळीच्या स्टेरॉइडशी त्याची बरोबरी होत नाही. पण त्याचा गुण सावकाश येतो: दोन आठवड्यांनी थोडा फरक, जुन्या सायनसमध्ये खरा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी. चोंदलेलं वाटलं की मारायचा, मोकळं वाटलं की सोडायचा, असा वापर केला तर औषधाचे पैसे फुकट जातात.

नवी बाटली आधी हवेत दाबून चालू करावी लागते. मोमेटासोनची सहसा दहा वेळा, फ्लुटिकासोन फ्युरोएटची हलवून सहा वेळा, बारीक धुकं दिसेपर्यंत. काही दिवस पडून राहिली असेल तर पुन्हा थोडं दाबून पाहावं. किती दिवसांनी, ते चिठ्ठीत लिहिलेलं असतं. नाक धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी फवारा घ्यावा, ओल्या नाकातून औषध ओघळून जातं. मान किंचित खाली, आरशात वर बघायचं नाही. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा. हात असा उलटा घेतला की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं. सायनसची तोंडं त्याच भिंतीत आहेत. त्याच बाजूच्या हाताने मारलं तर फवारा मधल्या पडद्यावर आदळतो, पडदा कोरडा पडतो, खपली धरते आणि रक्त येतं. फवारल्यावर जोराने ओढायचं नाही, फूल हुंगावं इतकाच श्वास घ्यायचा. घशात कडवट चव उतरली तर औषध घशात गेलं, नाकात राहिलं नाही.

रक्त आलंच तर त्या बाजूचा फवारा दोन-तीन दिवस थांबवून डॉक्टरांना कळवावं आणि आधी हाताची दिशा तपासावी. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. १२० फवाऱ्यांची बाटली दोन्ही बाजूंना दोन-दोन घेतले तर महिनाभर पुरते. त्यानंतरही आत द्रव हलतो, धुकंही निघतं, पण मात्रेचा भरवसा राहत नाही. टोक बुजलं तर काढून कोमट पाण्यात धुवावं, टाचणी घालू नये. भोक मोठं झालं की धुक्याऐवजी धार पडते. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल तर ते आधीच सांगावं, आणि वर्षानुवर्षं फवारा चालू असेल तर मधूनमधून डोळे तपासून घ्यावेत.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मात्र पूर्णपणे वेगळ्या जातीचे. दोन मिनिटांत नाक मोकळं होतं, म्हणूनच ते धोक्याचे आहेत. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, परिणाम ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग पुन्हा थेंब. पाच दिवसांच्या पुढे हे औषध जाऊ देऊ नये. रात्री उशाशी ही बाटली ठेवून वर्षं काढणारी माणसं आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. त्यांचं नाक सायनसमुळे कमी आणि थेंबांमुळे जास्त बंद असतं. सोडवण्यासाठी डॉक्टर सहसा स्टेरॉइडचा फवारा चालू करून आधी एका नाकपुडीचे थेंब बंद करायला सांगतात, ती मोकळी राहू लागली की दुसरीचे. पहिले काही दिवस फार जड जातात. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर हे थेंब विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

अँटिबायोटिकबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पिवळा-हिरवा शेंबूड म्हणजे जिवाणू, हा समज खोटा आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्याचा असतो, विषाणूच्या सर्दीतही येतो. तात्पुरत्या जिवाणूजन्य सायनसला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटचा पाच-सात दिवसांचा कोर्स डॉक्टर देतात आणि तो उपयोगी पडतो. जुन्या सायनसमध्ये मूळ दुखणं सुजेचं असतं. तिथे औषधाच्या दुकानातून दर दोन महिन्यांनी अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेण्याने पुढच्या खऱ्या संसर्गाला औषध लागू पडेनासं होतं, एवढंच होतं. वारंवार पू येत असेल तर दुर्बिणीखाली सायनसच्या तोंडाशी कापसाची काडी फिरवून कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, करून घेण्याचा आग्रह धरावा. नाकपुडीच्या पुढच्या भागातून घेतलेला नमुना कामाचा नसतो, तिथे कायमचे राहणारे जंतूच उगवतात.

वाफेने बरं वाटतं, तेवढ्यापुरती घ्यावी. त्यात बाम किंवा कापूर टाकल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते थंडाव्याच्या संवेदनेमुळे, हवेची वाट तेवढीच राहते. लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवून बसवू नये, भाजण्याचे अपघात त्यातूनच होतात. इंदूरच्या सराफा बाजारात मिळणाऱ्या गराडूवरच्या (तळलेल्या कंदावरच्या) मसाल्याने नाक वाहू लागतं, तेही असंच: तिखटाने ग्रंथी चेतवल्या जातात, अस्तराची सूज तशीच असते. नाकात तेल सोडण्याबद्दल एक इशारा: रोज, बऱ्याच प्रमाणात आणि आडवं पडून सोडलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरलं तर तिथे न्यूमोनिया होतो. वृद्धांनी विशेष जपावं.

माळव्यात ऋतूंप्रमाणे नाकाचं गणित बदलतं. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची मळणी आणि पाठोपाठ शेतातली नरवाई, म्हणजे पिकाचे उरलेले खुंट, जाळल्याचा धूर. मधे रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. राजवाड्यावर उडणारा गुलाल इतका बारीक असतो की मास्क नसेल तर सायनसच्या तोंडापर्यंत जातो. गेर चुकवावी असं मी म्हणणार नाही, पण घरी आल्यावर अंघोळीच्या आधी नाक धुवावं. मेमध्ये कूलर. गेल्या वर्षीचं गवत तसंच ठेवून पाणी भरलं तर पहिल्या दिवसापासून बुरशीचे कण खोलीभर होतात. दर उन्हाळ्याला नवं गवत किंवा खस लावावी, आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासावी आणि कूलरचा झोत उशीवर येऊ देऊ नये. पावसाळ्यात जुन्या वाड्यांच्या भिंतींना ओल येते, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी आणि दिवाळीची झाडलोट एकत्र येतात. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावं, आणि माळा काढायचं काम ज्याला सायनस आहे त्याच्याकडे देऊ नये. बारमाही शिंका, डोळ्यांना खाज असेल तर ॲलर्जीची त्वचाचाचणी करून घेणं फायद्याचं. धुळीतल्या किड्याची ॲलर्जी निघाली तर चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावे लागतात.

तीन महिने हे सगळं नीट करूनही फरक नसेल तर दुर्बीण आणि सीटी. दुर्बिणीची तपासणी बाह्यरुग्ण विभागातच होते. बधिर करणाऱ्या लिग्नोकेन आणि नाक आकुंचवणाऱ्या औषधात भिजवलेला कापूस दहा मिनिटं नाकात ठेवतात, मग चार मिलिमीटर किंवा त्याहून बारीक नळी घालतात. दाब जाणवतो, दुखत नाही. घसा बधिर होतो म्हणून पाऊण-एक तास काही खाऊ-पिऊ नये. साध्या एक्स-रेवर निर्णय घेण्याचे दिवस गेले. त्यात एथमॉइडचे कप्पे नीट दिसत नाहीत. सीटी पॅरानेजल (नाकाभोवतीच्या) सायनसची, शक्यतो कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून रंगद्रव न देता), बारीक कापांची घेतात, आणि ऐन सर्दीत घेत नाहीत. सर्दीच्या दिवसांत निरोगी माणसाच्या सायनसमध्येही सूज दिसते. लुंड-मॅके नावाची गुणपद्धत आहे: प्रत्येक बाजूच्या पाच सायनसांना शून्य ते दोन आणि निचऱ्याच्या बोळाला शून्य किंवा दोन, दोन्ही बाजू मिळून जास्तीत जास्त २४. अहवालात "नाकाचं हाड वाकडं" किंवा "गालाच्या सायनसमध्ये लहान गाठ" असं आलं म्हणून धास्तावू नये. हाड थोडं वाकडं असंख्य लोकांचं असतं, आणि ती द्रवाची गाठ बहुधा निरुपद्रवी असते.

स्कॅनमध्ये एकाच बाजूचा गाल भरलेला दिसला तर वाट वेगळी. वास मारणारा पू, एकच बाजू, असं असेल तर वरच्या दाढा तपासाव्यात. त्यांची मुळं सायनसच्या तळाला टेकलेली असतात. मुळाशी पू झाला किंवा दाढ काढताना छिद्र पडलं तर सायनस भरतो. दाताचा इलाज होईपर्यंत नाकाचा कोणताही इलाज टिकत नाही. एकाच बाजूला बुरशीचा गोळा किंवा गाठही असू शकते, म्हणून एकतर्फी तक्रार कधी लांबणीवर टाकू नये.

ऑपरेशनची भीती आपल्याकडे मागच्या पिढीकडून आलेली आहे. तेव्हा नाकाच्या खालच्या बाजूने जाड सुई घालून गालाचा सायनस धुवायचे, किंवा ओठाच्या आतून हाड फोडायचे. ऑस्ट्रियात ग्राझच्या वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून दाखवलं की खाली दुसरं छिद्र पाडलं तरी सिलिया शेंबूड नैसर्गिक तोंडाकडेच नेतात. म्हणून त्या जुन्या छिद्रांचा उपयोग टिकत नसे. १९८० च्या दशकात हाइन्झ स्टॅमबर्गर आणि डेव्हिड केनेडी या सर्जननी त्यावर आधारलेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर नेली: नैसर्गिक तोंड रुंद करायचं, अस्तर शक्य तेवढं राखायचं. बाहेरून कापत नाहीत, टाके दिसत नाहीत. पूर्ण भूल देतात, आजाराच्या व्याप्तीप्रमाणे एक-दोन तास किंवा जास्त लागतात, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं; आयुर्वेदिक काढे, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल हेही भूलतज्ज्ञांना सांगावं. अनेक विमा पॉलिसींत नाक-कान-घशाच्या ऑपरेशनला एक-दोन वर्षांची प्रतीक्षा मुदत असते, ते तारीख ठरवण्याआधी वाचून घ्यावं.

हे ऑपरेशन आजार उपटून काढत नाही. ते धुण्याच्या पाण्याला आणि औषधाला सायनसच्या आत जायला वाट करून देतं. त्यामुळे ऑपरेशननंतर धुणं सोडलं तर निम्मं काम अर्धवट राहतं. पहिले एक-दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, उशा दोन घ्यायच्या, बादली-सिलिंडर उचलायचं नाही, खाली वाकून काम करायचं नाही. गुलाबी पाणी, जुनं काळपट रक्त, खपल्या हे अपेक्षित असतं. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून धुणं सुरू करायचं आणि खपल्या मऊ होण्यासाठी ते दिवसातून अनेकदा करायचं. पहिल्या महिन्यातल्या साफसफाईच्या भेटी चुकवू नयेत. दुर्बिणीखाली खपल्या काढल्या नाहीत तर दोन पृष्ठभाग चिकटून वाट पुन्हा बंद होते. एकाच नाकपुडीतून पुढे वाकल्यावर स्वच्छ पाण्यासारखं थेंब थेंब गळू लागलं, चव खारट लागली, किंवा दोन-दोन दिसू लागलं, डोळा सुजला, तर रात्र असली तरी लगेच फोन करायचा.

नाकात मांस वाढण्याचा, म्हणजे पॉलिपचा आजार पुन्हा येण्याची प्रवृत्ती बाळगतो. अशा रुग्णांना डॉक्टर बुडेसोनाइडची ०.५ मिलिग्रॅमची नेब्युलायझरची कुपी २४० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून धुवायला सांगतात. ऑपरेशननंतर उघडलेल्या सायनसमध्ये हे पाणी फवाऱ्यापेक्षा खोल जातं. कपाळाच्या सायनससाठी डोकं आणखी खाली, डोक्याचा माथा जमिनीकडे येईल इतकं वाकावं लागतं. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने धाप लागणं हे तिन्ही एका माणसात असतील तर तो वेगळा प्रकार असतो, डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. वारंवार परतणाऱ्या पॉलिपसाठी डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आता आहेत, पण ती महाग आहेत आणि दीर्घकाळ घ्यावी लागतात.

मधुमेह असलेल्यांनी एक गोष्ट घरातल्या सर्वांना माहीत करून द्यावी. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर इंदूरच्या एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात काळ्या बुरशीचे रुग्ण मोठ्या संख्येने दाखल झाले; अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं ही त्यामागची मोठी कारणं. गालाला बधिरपणा, टाळूवर किंवा नाकात काळा डाग, एका डोळ्याभोवती सूज, नजर अंधुक, वरचे दात हलणं, असं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत जावं, तिथे तासांना महत्त्व असतं. मधुमेह नसलेल्यांनाही डोळा सुजणं, नजर बदलणं, मान ताठणं, तीव्र ताप आणि गुंगी ही तितकीच तातडीची लक्षणं आहेत.

शेवटी फाइल. सीटीची फिल्म पुरत नाही, सीडी किंवा डिजिटल प्रत मागून घ्यावी. पुढचा सर्जन एकेक काप स्वतः पाहतो. ऑपरेशनची नोंद, काढलेल्या मांसाचा पॅथॉलॉजी अहवाल, कल्चरमध्ये कोणता जंतू निघाला आणि कोणत्या औषधाला दाद देतो, आतापर्यंतची अँटिबायोटिकं तारखेसह, फवारा कधी सुरू केला आणि कधी सोडला, हे एका कागदावर. ॲलर्जी येणारं औषध पहिल्या पानावर लाल अक्षरात. आणि तपासणीला जाताना धुण्याची बाटली आणि फवारा बरोबर न्यावा: डॉक्टरांसमोर एकदा वापरून दाखवला की हाताची दिशा चुकते आहे का, ते तिथल्या तिथे कळतं.